आज्ञा झाली म्हणून

नवरा पिऊन पडत असला की बायकोनं कुणापाशीही रडावं, लोक ऐकून घेतात. पण नवऱ्यानं दारू सोडली, गळ्यात माळ घातली, आणि तरीही बायको रडली, तर तिला विचारतात, "मैने, तुला सुख बोचतं का गं?" हो, बोचतं. बोला, काय करता?

मी मैना. राहते पनवेलच्या कोळीवाड्यात आणि मासळी विकायला बसते उरण नाक्याला. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझी जीभ अर्धी शहरी झालीय. राग आला की मात्र ती माहेरी जाते. मग समोर वकील असो की डॉक्टर, त्याला आमच्याच भाषेत ऐकावं लागतं.

माझ्या नवऱ्याचं नाव गणू. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण ज्याला गटारातून बाहेर ओढताना गल्लीभर नावानं हाका मारल्यात, त्याचं नाव आता कुठं लपवू? गणूची होडी होती. खाडीत जाळं टाकायचा, हाताला यश होतं. जिताडा घावला की माझ्या पाटीत आणून टाकायचा आणि म्हणायचा, "घे राणी, आज तुजा भाव वाढला." पण संध्याकाळ झाली की बाटली. बाटलीबरोबर चकण्याला मी तळलेली मांदेली, कधी बोंबील, आणि मग बाटलीतलं संपलं की माझ्यावर हात. हे काही मी कौतुकानं सांगत नाही. माझा डावा कान अजून नीट ऐकत नाही, त्याची साक्ष काढा हवी तर.

नवीन पनवेलच्या कुमुदताई माझं जुनं गिऱ्हाईक. कोलंबी निवडायला बसल्या की अशा बसतात, जणू पोरीला स्थळ बघतायत. एकदा त्यांच्या देखत गणू झुलत आला आणि लाथेनं माझी पाटी उलथी केली. सगळी कोलंबी रस्त्यावर. बाकीची गिऱ्हाइकं पदर नाकाला लावून निघून गेली, पण कुमुदताई खाली बसल्या आणि माझ्याबरोबर कोलंबी वेचायला लागल्या. वेचता वेचता म्हणाल्या, "मैना, गुरुवारी ह्यांना आमच्याकडे घेऊन ये. आमचे हे बोलतील त्यांच्याशी."

आमचे हे म्हणजे गुरुदत्त अप्पा. नोकरीतून रिटायर झालेला बारीक चणीचा माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर जाड चष्मा. दर गुरुवारी त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये नामस्मरण आणि निरूपण. भगवी कफनी नाही, फोटोला हार नाही, पैसा तर सोडाच, कुणी नारळ आणला तर तोही त्यालाच परत देतात. भोंदू असते तर बरं झालं असतं, निदान पोटभर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

गणूला मीच नेला. ओढत नेला म्हटलं तरी चालेल. अप्पांनी त्याला काही उपदेश केला नाही. शेजारी बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "दमलास ना रे?" बस्स, एवढंच. आणि तो रेड्यासारखा माणूस ढसाढसा रडायला लागला. मी बघतच राहिले. मी इतकी वर्षं त्याला मेल्या, मुडद्या, मर एकदाचा, सगळं म्हटलं होतं. दमलास का, हे काही मला सुचलं नव्हतं.

पुढं अप्पांनी त्याला माळ घातली. दारू नाही, मांसमच्छी नाही, रोज नाम घ्यायचं. आणि गणूची दारू सुटली. खरंच सुटली हो! मी पदर पसरून कोळीवाड्यातल्या प्रत्येक देवाला सांगून आले. आमची प्रांजल, म्हणजे माझी लेक, रोडपालीला एका डॉक्टरांकडे रिसेप्शनला आहे. तिनं पहिल्यांदा मैत्रिणींना घरी आणलं. "मम्मी, आपलं घर आता घरासारखं वाटतं," असं म्हणाली. त्या दिवशी मी अप्पांच्या दिशेनं नवीन पनवेलकडे तोंड करून हात जोडले, ते मनापासून जोडले. ते खोटं नव्हतं.

मग हळूहळू पुढचं सुरू झालं.

आधी होडी विकली. म्हणाला, "जीवहत्या हाय ती." मी म्हटलं, "माजा आजा माळकरी होता, जन्मभर जाळी टाकली त्यानं. खायचा नाय, पण टाकायचा. देवाला कळतं कोळ्याचं पोट." नाही ऐकलं. द्रोणागिरीला गोदामावर वॉचमन लागला. ठीक आहे, कष्टाचंच काम आहे. मग घरात त्याची भांडी वेगळी झाली. मग पडवीत वेगळी शेगडी आली. स्वतःचा वरणभात स्वतः शिजवायचा, भिंतीकडे तोंड करून जेवायचा. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तरी घ्यायचा नाही.

एकदा मी त्याच्या वाटेत आडवीच उभी राहिले. "का रे? मी काय परकी हाय? पाण्याला काय झालं?"

खाली मान घालून म्हणाला, "मैने, तुज्या हाताला वास हाय."

"आज कळला तुला वास? लगीन झाला तवा काय अत्तराच्या दुकानातून आणली होतीस मला?"

तो चिडला नाही. चिडला असता तर मी भांडले असते, भांडणात मला कोण हरवतो? तो हळूच म्हणाला, "तसा नाय गं. तुज्या हाताचा वास आला का मला चकणा आठवतो. चकणा आठवला का बाटली आठवते. एक धागा सैल झाला का सगळा जाळा उसवंल. मी घाबरतो."

आता ह्याला काय बोलणार? माणूस खरं बोलत होता. पण माझ्या छातीत काय झालं ते माझं मला माहीत. ज्या हातांनी घर चालवलं, लेकीला शिकवलं, ह्याला चिखलातून उचलला, ते हात म्हणजे ह्याच्या लेखी दारूचा चकणा!

मी काय काय नाही केलं. लिंबू चोळलं, राख चोळली, प्रांजलनं कॉफीची पूड सांगितली, तीही चोळली. बाजारात हातमोजे घालून बसले, तर शेजारची रमा मावशी ओरडली, "काय गो मैना, आज मासळीचा आपरेशन हाय का?" सगळा बाजार हसला. बरं, वास जातो का? अहो, तो कातडीत नसतोच, तो हाडात असतो. प्रांजल म्हणायची, "मम्मी, पप्पा पीत नाहीत ना? मारत नाहीत ना? मग सोड ना!" तिचं बरोबर होतं. पण तिला कसं सांगू, की एका छपराखाली राहून माझा माणूस माझ्या हातचं घोटभर पाणी पीत नाही, आणि मला रोज विटाळशी असल्यासारखं वाटतं? मला दुसरं काही नको होतं. त्यानं माझ्या समोर बसून माझ्या हातचं जेवावं, एवढंच हवं होतं.

कुणाचंच तो ऐकत नव्हता, एका अप्पांशिवाय. म्हटलं, सोनारानंच कान टोचलेले बरे. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, मी अप्पांच्या घरी गेले. कुमुदताईंच्या स्वयंपाकघरात तव्यावर बोंबील चुरचुरत होते, मीच विकलेले. आणि अप्पा तिथंच टेबलाशी बसून वरणभात जेवत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं.

"अप्पा," मी म्हटलं, "तुमी माळकरी. ताई मासळी करतात. आणि त्यांच्याच हातचं तुमी जेवता?"

"मग?" अप्पा म्हणाले. "आमच्याकडे ओटा एकच आहे. तिचं ती खाते, माझं मी खातो."

मी सगळं सांगितलं. शेगडी, भांडी, तांब्या, हाताचा वास. सांगताना आवाज चढला माझा, चढणारच. अप्पांचा हात ताटातच थांबला. म्हणाले, "मैनाबाई, मी त्याला असं कधीच सांगितलं नाही."

"तुमी नाय सांगितलं ते मला कळतंय. पण तुमी सांगितलेलंच तो ऐकतो. आता एवढं एक सांगा. तुमचे लई उपकार हायत, त्यात हा एक आणखी."

कुमुदताई तव्यावरचा बोंबील उलटत म्हणाल्या, "अहो, सांगा हो! बिचारी किती दिवस सोसतेय." अप्पा म्हणाले, "सांगतो. गुरुपौर्णिमेलाच सांगतो." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. वाटलं, देव पावला.

गुरुपौर्णिमेला हॉल गच्च भरला होता. अप्पांच्या मंडळींत त्या दिवशी अनुभव सांगायची पद्धत आहे. ज्याला गुरूंमुळे जे मिळालं ते त्यानं उभं राहून चारचौघांत सांगायचं. कुणाचा मुलगा मार्गाला लागला, कुणाला झोप यायला लागली, एक बाई तर सासूवरचा राग गेला म्हणाल्या, आणि त्यांची सासू मागच्या रांगेत मान हलवत होती, नाही म्हणून. मग गणू उभा राहिला. पांढरा सदरा, कपाळाला गंध. मी बायकांच्या बाजूला पुढंच बसले होते. म्हटलं, आज माझं नाव निघेल.

"माजं नाव गणू," तो म्हणाला. "मी गटारात पडायचो. अप्पांनी मला उचलला. मला बायको-पोरगी नव्हती, घर नव्हता, काय नव्हता. अप्पांनी मला सगळा दिला."

आणि लोकांनी डोळे पुसले. अरे मुडद्या! उचलला कोणी तुला? तुझं ते धूड खांद्यावर घेऊन मी यायचे, रस्ताभर तुझ्या ओकारीनं माझं लुगडं भरायचं, आणि उचलला अप्पांनी? बायको नव्हती? मग तुझ्या मारानं कान गेला तो कोणाचा? जीभ पार दातांवर आली होती. पण हॉलमध्ये उदबत्ती लागलेली, अप्पा हात जोडून बसलेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी टाळ्या वाजवल्या.

गणूनं अप्पांचे पाय धरले. अप्पांनी त्याला उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गणू, गुरूला काही द्यायचंय ना तुला? मग आज मी मागतो. वेगळी शेगडी बंद कर. आजपासून मैनाबाईंच्या हातचं जेवायचं. त्या अन्नात काही दोष नाही."

गणूचं तोंड पांढरंफटक पडलं. मला ते लांबून दिसलं. एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं, जसं पोर डॉक्टरच्या सुईकडे बघतं तसं. मग अप्पांकडे बघून म्हणाला, "आज्ञा." आणि पुन्हा टाळ्या. कुमुदताईंनी माझा हात दाबला. मीही रडले. काय करणार, मला वाटलं माझा नवरा मला परत मिळाला.

त्या संध्याकाळी मी चूल-ओटा घासून काढला. नवं पातेलं काढलं. वाल दोन दिवस आधीच भिजत घातले होते, मोड छान आले होते. एकेक सोलून बिरडं केलं, वर खोबरं पेरलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. ताट मांडलं, समोर पाट टाकला. तो आला, बसला. डोळे मिटले, ओठ हलले, नाम घेतलं. पहिला घास उचलला तेव्हा कानामागून घाम वाहत होता. घास तोंडाजवळ गेला, थांबला, मग आत गेला. डोळे मिटलेलेच. मला त्याची दया आली, खरंच आली. मी पदरानं वारा घालायला लागले.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"अप्पांची कृपा."

"अरे, अप्पांनी नाय सोलले ते वाल! मी सोललेत. चव सांग."

"त्यांची आज्ञा हाय मैने. चव कशाला बघायची?"

ताट स्वच्छ केलं, स्वतः घासलं, पालथं घातलं आणि नाम घेत बाहेर गेला. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, होईल सवय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज यायचा, बसायचा, म्हणायचा, "वाढ, आज्ञा हाय." घाम गेला, पण डोळे काही उघडले नाहीत. डाळ असो, भेंडी असो, श्रीखंड असो, सगळं एकाच तोंडानं, कडू काढा प्यावा तसं. समोर मी बसलेय की भिंत, त्याला काही नव्हतं. वेगळी शेगडी होती तेव्हा निदान तो मला टाळत तरी होता. टाळायला माणूस लागतं समोर.

मग एके दिवशी माझं टाळकं फिरलं. मी आमटीत मूठभर मीठ टाकलं. मूठभर म्हणजे मूठभर, चिमूट नाही. पूर्वी मीठ जरा कमी पडलं तर ह्याचं ताट भिंतीवर जायचं. म्हटलं, बघूया आज. मार नको होता मला, देवाशप्पथ नको होता. नुसतं "ए, काय केलंस हे?" एवढं म्हणावं. "डोकं कुठं होतं तुझं?" एवढं म्हणावं. माझ्याकडे डोळे वटारून बघावं.

त्यानं आमटी भातावर ओतली. पहिला घास घेतला. घशाची घाटी वरखाली झाली, डोळ्यांच्या कडेला पाणी आलं. पण मिटलेले डोळे मिटलेलेच. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. वाटी वाकडी करून शेवटचा थेंबसुद्धा प्यायला.

"गणू, खारट नाय लागलं?" मी विचारलं.

"आज्ञा गोड हाय," तो म्हणाला, आणि ताट घासायला उठला. मग मोरीत उभा राहून तांब्यामागून तांब्या पाणी पीत राहिला. मी तिथंच बसून राहिले. पातेल्यात उरलेली आमटी मी चाखून बघितली, ती जिभेवर ठेववेना. मारणारा नवरा गेला, त्याचं मला दुःख नव्हतं हो. पण त्याच्याबरोबर रुसणारा, चिडवणारा, राणी म्हणणारा, सगळाच गेला. आणि जो उरला, तो काही माझा नव्हता. तो माझ्या ताटात अप्पांचं जेवत होता.

गुरुवारी हॉलवर गेलो. निरूपण झालं, प्रसाद वाटला. अप्पांनी आम्हा दोघांना जवळ बोलावलं. मंडळी भोवती होतीच.

"काय मैनाबाई, आता खूश ना?" अप्पा म्हणाले. चेहरा अगदी भोळा. "मी परवाच गणूला फोनवर विचारलं, जेवण कसं असतं? तर म्हणाला, तुमची आज्ञा आहे, अमृतच लागणार. काय माणूस आहे हा! मला शिकवलं त्यानं."

लोक वा वा म्हणाले. गणू हात जोडून, मान खाली घालून उभा. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी पाळी होती, उपकार मानायची.

"उपकार झाले अप्पा," मी म्हटलं. "दारू तुमी सोडवलीत, मार तुमी थांबवलात, जेवायला पण तुमीच बसवलंत. आता एक शेवटची आज्ञा करा त्याला."

"बोला ना."

"त्याला सांगा, माज्यावर एकदा रागव. मनापासून. मारू नको, नुसता रागव. माज्याकडे बघून."

क्षणभर कुणाला कळेना. मग कुमुदताई हसल्या, मग बाकीच्या बायका, मग सगळा हॉल. "काय बाई तरी एकेक हौस!" कुणीतरी म्हणालं. अप्पांनीही चष्मा काढून डोळे पुसले, हसून हसून.

गणू हसला नाही. तो अप्पांच्या तोंडाकडे बघत उभा होता, ते खरंच सांगतात की काय म्हणून.